गड्डे उकरण्याची सोपी पद्धत

भोर किंवा वेल्ह्यात अकरा गुंठे घेतलेत, तारेचं कुंपण घातलंत, फाटकावर ‘मृद्गंध’ अशी पाटीही लागली. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, तेवढं पत्त्यात बदलून घ्या. २०२५मध्ये राजगड किल्ला युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून पत्त्यालाही वजन आलंय.) आता बाग हवी. गुलाबाला रोज माणूस लागतो आणि तुम्ही शनिवारी दुपारी येऊन रविवारी जेवून निघणारे. म्हणून महामार्गावरच्या नर्सरीत तुम्हाला सांगतात, “कंद लावा साहेब. काही करावं लागत नाही.”

माणूस खरं बोलतोय, आणि पंचाईत तिथेच आहे. फुटबॉल लिली घ्या, ग्लॅडिओलस घ्या, कळलावी घ्या, ही मंडळी वर्षातले काही महिने जमिनीखाली निजून काढतात. त्या काळात त्यांना पाणी नको, खत नको, विचारपूस तर अजिबात नको. आता तुम्हीच सांगा, खेड-शिवापूरचा टोल भरून, कापूरहोळला मिसळ खाऊन माणूस इथवर येतो तो काही न करण्यासाठी?

तुमची ही तगमग ओळखूनच पुढचं मार्गदर्शन लिहिलं आहे. तीन वर्षांत भरलेला वाफा रिकामा कसा करायचा, आणि तेवढ्या काळात सोसायटीत ‘कंदांचं यांना विचारा’ अशी ख्याती कशी मिळवायची, हे यात क्रमवार सांगितलंय. पायऱ्या गाळू नका. एखादी गाळलीत तर चुकून फुलं येतील.

१. जागा निवडा

प्लॉटमधला सर्वांत सपाट तुकडा घ्या. तो सपाट का आहे, याच्या खोलात शिरू नका. तिथे कालपरवापर्यंत भाताचं खाचर होतं. भोवती बांध घालून पाणी मुद्दाम कोंडायचं आणि त्यात इंद्रायणी किंवा आंबेमोहोर उभा करायचा, हा त्या जमिनीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. पानशेत-वेल्ह्याच्या बाजूला जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो तो भातालाच शोभतो. कंदाला पाणी वाहून जाणारी जमीन लागते. साचलेल्या पाण्यात तो आठवडाभरात मऊ पडतो आणि मग त्याला जो वास येतो त्यावर कोणीही अत्तर काढलेलं नाही. 

वस्तीवरच्या मावशींची गुलछडी कुठे आहे, ते बघून ठेवा. घरामागच्या चढावर, वरंब्यावर, जिथे सांडलेलं पाणी खाली निघून जातं. मोरीच्या पाण्यावर त्यांनी कर्दळ आणि सोनटक्का लावलाय, कारण त्या दोघांना ओल चालते. हे सगळं पाहून मान डोलवा आणि आपल्या खाचरात परत या. त्यांच्याकडे लँडस्केपचा आराखडा नसतो.

प्लॉट भाटघरच्या काठी असेल तर एक सांत्वन. तो तुम्हाला सप्टेंबरात दाखवला गेला, तेव्हा १९२८ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाचं पाणी कुंपणाला टेकलेलं होतं. एप्रिल-मे हा गुलछडीच्या लावणीचा काळ. तोवर ते पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेलेलं असतं आणि तुमच्यासमोर भेगाळलेला गाळ उरतो. टँकर मागवा. शेजारच्या प्लॉटवालेही मागवतात, तेवढीच ओळख होते.

२. खरेदी करा

गुलछडी, म्हणजे पुस्तकातला निशिगंध, मूळची मेक्सिकोची; पण गुलटेकडीच्या फूलबाजारात तिला परकी म्हणायची कोणाची छाती नाही. एकेरी पाकळ्यांची सुवासिक, हाराला आणि गजऱ्याला जाते. दुहेरी पाकळ्यांची देखणी, लांब दांड्यासकट फुलदाणीत बसते. ‘फुले रजनी’, ‘प्रज्वल’, ‘शृंगार’ असे वाण तुम्हाला सुचवले जातील. नावं पाठ करून ठेवा, पुढे पाहुण्यांसमोर उपयोग होतो. मात्र दुकानदाराला गड्डे केवढे आहेत हे विचारू नका. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा, घट्ट गड्डा त्याच हंगामात दांडा काढतो, बारीक पिल्लू आधी वर्षभर अंग भरतं, ही माहिती ज्याला आहे त्याची निराशा होण्याची शक्यता कमी होते. आणि निराशेशिवाय बागेत रस टिकत नाही.

ट्युलिपचं काय, असं विचारणार असाल तर जरूर घ्या. नोव्हेंबरात जाळीच्या पिशवीत मिळतात, पाकिटावर पवनचक्की असते. त्या कंदाला नऊ अंशांखाली साधारण बारा ते सोळा आठवडे थंडी लागते. श्रीनगरला दल सरोवराकाठी २००७ पासून ट्युलिपची बाग आहे, कारण तिथे ही थंडी फुकट मिळते. तुम्ही फ्रिज वापरा. भाजीच्या कप्प्यात सासवडची सीताफळं पिकायला ठेवली असतील, त्यांच्याच कुशीत कंद ठेवा. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि त्या वायूने कंदाच्या पोटातली कळी आतल्या आत जळते. त्यामुळे फेब्रुवारीत नुसती पानं येतात. हॉलंडात १६३७ साली याच कंदांच्या सौद्यांत मोठमोठ्यांनी हात पोळून घेतले होते, हे सांगून तुम्ही त्या पानांचं कौतुक करू शकता.

३. रान तुडवा

विकत घेतलेल्या कंदांना प्रतिष्ठा नसते. खरा कंदप्रेमी गडावरून आणतो.

यासाठी श्रावण उत्तम. कोर्ल्याकडून लोखंडी शिडी चढून रायरेश्वराच्या पठारावर जा, किंवा तोरण्याची वाट धरा. बॅगेत पाण्याची बाटली, चिक्की आणि खुरपं. रानहळद जांभळट-गुलाबी तुरे काढून उभी असेल. झुडपांवर कळलावी चढलेली असेल. तिच्या पानांची टोकंच वेटोळी होऊन आधार पकडतात. सापकांदा फणा काढून बसलेला असेल. गवतात पांढऱ्या हबेनारिया असतील. नशीब जोरावर असेल तर एखादं कंदीलपुष्प दिसेल. आधी प्रत्येकाशी फोटो काढा.

आता मनाची तयारी. खणताना अपराधी वाटू नये म्हणून ‘संवर्धन’ हा शब्द तीनदा उच्चारा. इथे गुरं खातील, पर्यटक तुडवतील, त्यापेक्षा आपल्या बागेत सुखरूप राहील, असा विचार करा. पर्यटक कोण, हा प्रश्न मनात आला तर चिक्की खा. राखीव वनातून रोप उपटणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, हे कोणी सांगितलं तर आपण रोप कुठे उपटतोय, आपण तर दत्तक घेतोय, असं म्हणा. वनरक्षकासमोर मात्र म्हणू नका.

पद्धत अशी. फुलाचा दांडा मुठीत धरा आणि सरळ वर ओढा. रानातले बरेच कंद स्वतःच्या मुळांनी दरवर्षी थोडे थोडे खाली ओढले जातात. मुळं आखडतात आणि कंदाला खोल घेऊन जातात, म्हणजे उन्हाळ्यात तापू नये आणि कोणाच्या हाती लागू नये. त्यामुळे दांडा तुटून तुमच्या हातात येतो आणि कंद जमिनीत राहतो. या पद्धतीतला हा मोठा दोष आहे, कंद वाचतो. म्हणून खुरपं.

कळलावीशी जपून. तिच्या कंदासकट सगळ्या अंगात कोल्चिसीन नावाचं विष असतं, आणि रताळं समजून खाणारे जिवानिशी गेल्याच्या नोंदी आहेत. ही सूचना गमतीची नाही. घरात लहान मूल असेल तर तिला तिथेच राहू द्या. कोकणात तिची फुलं ‘गौरीचे हात’ म्हणून पूजेला चालतात. तेवढ्यासाठी एक दांडा पुरतो, गड्डा लागत नाही.

बाकीचे कंद घरी आणा. आता त्यांच्यावर उपचार. हबेनारिया ही भुईतली ऑर्किड, तिचं मातीतल्या बुरशीशी जुनं सख्य. म्हणून तिला प्रथम बुरशीनाशकात बुडवा. कंदीलपुष्पाची गोष्ट आणखी मजेदार. त्याच्या नळीत आतल्या बाजूला केस असतात, वासाने आलेली चिमुकली माशी आत शिरते ती अडकते; फूल कोमेजायला लागलं की केस मऊ पडतात आणि ती परागकण घेऊन सुटते. पुढच्या कंदिलात पुन्हा अडकायला जाते, शहाणपण येत नाही. तुमच्या पुण्यातल्या बाल्कनीत ती माशी नसते, दुसरा कंदीलही नसतो. तिथे डासप्रतिबंधक कॉइल लावा.

दिवाळीपर्यंत हे सगळे सुकतील. ते सुकले की मेले याचा निर्णय पुढच्या पावसाळ्यावर सोपवा, आणि पुढच्या श्रावणात पठारावर नवीन आणायला जा. पठारावर आता पूर्वीइतकी फुलं राहिली नाहीत, अशी तिथून तक्रार करत उतरा.

४. लावा

गुलछडीचे गड्डे पाच-सहा सेंटिमीटर खोल, दोन गड्ड्यांत वीतभर अंतर, शेंडा वर. एवढं सोपं असल्यामुळे त्यात फारसं बिघडवता येत नाही. तरी प्रयत्न करा. वाफ्यात ताजं शेण घाला, कुजलेलं घालू नका. प्रत्येक गड्ड्यावर लाकडी पट्टीवर वाणाचं नाव लिहा, पावसाने शाई जाते. आठवड्यातून एकदाच येता, त्यामुळे सात दिवसांचं पाणी एका बैठकीत द्या.

५. झोपू देऊ नका

ही या पद्धतीतली मुख्य साधना.

फुटबॉल लिली मे महिन्यात, वळवाच्या आसपास, एक लाल गोळा काढते. मग पानं. मग दिवाळीनंतर हळूहळू पानं पिवळी पडतात आणि जानेवारीत कुंडी रिकामी दिसते. रिकामी कुंडी हा घराला लागलेला बट्टा आहे. तिला भरपूर पाणी घाला, युरिया टाका. तरी हालचाल दिसली नाही तर बोटाने माती उकरा, कंद आहे का पाहा, दाबून पाहा, परत बुजवा. दर रविवारी पाहा. पाहुणे आले तर त्यांनाही दाबून बघू द्या. फेब्रुवारीत धीर सुटला की तिच्यात मिरची लावा.

मावशी कुंपणापलीकडून बघत असतील. त्या म्हणतील, “मेलं न्हाई त्ये दादा. निजलंय. कशाला उठवताय?” त्यांना हसून उत्तर द्या. त्यांचं शिक्षण झालेलं नाही, तुम्ही दोन चित्रफिती पाहिल्यात.

ग्लॅडिओलसच्या बाबतीत कामाला आणखी वाव आहे. फुलं संपली की त्याची पानं तलवारींसारखी उभी राहतात, मग वाकतात, मग करपतात, आणि बाग विस्कटलेली दिसते. त्या पानांनी सहा ते आठ आठवडे ऊन खाल्लं तर खालचा नवा गड्डा भरतो. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांतून खाली उतरत असतं. तुमचे साडू पुढच्या शनिवारी येणार आहेत. कात्री घ्या.

६. रात्रपाळी

तुम्ही पुण्याला परतल्यावर बागेत तज्ज्ञ येतात. साळिंदर कुंपणाखालून येतं, रानडुक्कर कुंपणासकट येतं. दोघांनाही जमिनीखालचं वासावरून कळतं, आणि त्यांचं उत्खनन तुमच्यापेक्षा स्वच्छ असतं. पाटी तेवढी ठेवून जातात. रविवारी येऊन उकरलेला वाफा पाहिलात की रागावू नका. तुम्हीही तेच करणार होतात, त्यांनी मजुरी वाचवली. घूस मात्र खालून खाते आणि वर पान तसंच डुलत ठेवते. तिच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

सौर कुंपण, भोंगे, फटाके, जुन्या साड्या, सगळं करून पाहता येईल. नर्सरीवाल्याचे मेहुणे सौर कुंपण बसवतात.

७. विभागणी करा

इथवर गुलछडी तगलीच, आणि ती तगते, भलतीच चिवट आहे, तर तिसऱ्या वर्षी तिच्या एका गड्ड्याभोवती पिल्लांचा घोळका जमतो. पानं गर्दी करतात, दांडे कमी होतात, आहेत तेही आखूड. हा तिचा निरोप असतो: मला मोकळं करा. शेतकरी अशा वेळी हिवाळा उलटू देतो, पाणी तोडतो, पानं पिवळी पडली की कुदळीने बाजूने खणून अख्खा ठोंब उचलतो. माती झाडतो, हाताने पिल्लं सुटी करतो, काही आठवडे सावलीत पसरून ठेवतो, आकारानुसार निवडतो आणि मग नवीन वाफ्यात लावतो. या सगळ्यात घाई कुठेच नाही, म्हणून ही पद्धत तुमच्या कामाची नाही.

तुम्ही जुलैचा रविवार धरा. दांडे भरात असतील, कळ्या उमलत असतील, आणि माणसं जेवायला आलेली असतील, म्हणजे प्रेक्षक आयते. पावडं ठोंबाच्या मधोमध ठेवा आणि वरून पाय द्या. ‘खच’ असा आवाज आला की समजा, मोठा गड्डा दुभंगला. ओल्या मातीत, कापलेल्या अंगाने, पावसात लगेच परत लावा. बुरशीला एवढं आदरातिथ्य एरवी मिळत नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण इथे बहुतेक नवशिके अजाणता फायद्यात राहतात.

ठोंबात एक मोठा गड्डा असतो आणि त्याच्या कडेला बारीक पिल्लं. मोठा कोणाला द्यावासा वाटत नाही, हे माणसाच्या स्वभावाला धरून आहे. मोठा आपल्याकडे, पिल्लं लोकांना. पण गुलछडीचा जो गड्डा एकदा फुलला तो पुन्हा फुलत नाही. त्याने दांडा काढला, पिल्लं दिली, त्याचं झालं. पुढची फुलं सगळी पिल्लांच्या पोटात. म्हणजे तुम्ही मन घट्ट करून जो ऐवज स्वतःकडे ठेवता तो रिटायर झालेला असतो, आणि वहिनींच्या पिशवीत टाकलेली ‘घ्या, बारीक आहेत जरा’ अशी चिल्लर पुढच्या सालापासून दांडे काढणार असते. कंजूषपणाला इतका प्रामाणिक न्याय देणारी दुसरी वनस्पती माझ्या पाहण्यात नाही.

ग्लॅडिओलसमध्येही हेच, थोडं उघडपणे. उपटल्यावर खाली एक सुरकुतलेला चपटा गड्डा दिसतो, त्याच्यावर एक नवा गुटगुटीत. खालचा गेल्या वर्षीचा, खर्ची पडलेला. बागेच्या परंपरेला मान देऊन जुना जपा. कळलावी तुम्ही ऐकलं नाहीत आणि आणलीतच, तर तिचा कंद इंग्रजी व्ही अक्षराचा असतो, प्रत्येक बाहूच्या टोकाला एकच डोळा. पिशवीत कोंबताना पहिल्यांदा टोकच मोडतं. उरलेला भाग दिसायला अगदी धडधाकट असतो, तो लावा आणि वाट पाहा.

८. वाटप करा

न वाटता विभागणी करण्यात अर्थ नाही. कॅरीबॅगा तयार ठेवा. प्रत्येक पिशवीत पाच पिल्लं, थोडी ओली माती आणि एक सूचना: “काही करावं लागत नाही.” कोणती पिशवी गुलछडीची, कोणती रेन लिलीची, हे लिहू नका. लोकांना दोन वर्षं उत्सुकता राहते. सगळ्यांत आधी अशांना द्या ज्यांच्याकडे जागा नाही. ते नको म्हणू शकत नाहीत. पिशव्या त्यांच्या गाडीच्या डिकीत राहतात, तिथून सर्व्हिसिंगला जातात.

एक पिशवी उरली की मावशींना द्या. त्या घेतील, घरामागच्या चढावर सारतील आणि विसरून जातील.

जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं. तिथे अवश्य जा. तुमच्याकडे मांडायला काही नसेल, पण मांडलेल्या कुंड्यांजवळ उभं राहून “हिची विभागणी उशिरा केलीय” असं पुटपुटता येतं. आजूबाजूचे वळून बघतात. दोघे-तिघे नंबर मागतात. ख्याती अशीच पसरते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, गणपतीच्या सुमाराला, मावशींच्या घरामागे दांड्यांची रांग उभी राहिलेली दिसेल. संध्याकाळी वास तुमच्या फाटकापर्यंत येईल. नाराज होऊ नका. मूळ माल तुमचाच आहे. सरळ कुंपणाशी जा, “मावशी, छान आलीय की, जरा गड्डे द्या आम्हाला,” असं म्हणा. त्या “फुलं सरू द्या, उन्हाळ्यात घेऊन जावा,” म्हणतील. तुम्ही पावडं बरोबर घेऊनच गेलेले असाल.